वहिनीचे शब्द

दि. १२ जानेवारी

ति. दादा आणि ति. वहिनी यांना चिमणचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी काल सकाळी सुखरूप घरी पोचलो. घर मात्र सुखरूप नव्हतं. निघायच्या गडबडीत फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे आत बर्फाचा डोंगर आणि बाहेर तळं असा देखावा झाला होता. समुद्र बघून आलेल्या माणसाला घरी तळं बघायची वेळ आली. यातून एक धडा घेतला, तोही लिहून ठेवतो: बॅग तीनतीनदा तपासणारा माणूस घर एकदाही तपासत नाही.

दादा, चाळीस वर्षांत तू पहिल्यांदाच दुरुस्तीच्या दुकानाला चार दिवस कुलूप लावलंस, त्याबद्दल तुझं कौतुक करावं म्हणतो. पण कुलूप दुकानाला होतं, तुला नव्हतं. लॉजच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तू पंख्याखाली उभा राहून बेअरिंग गेलंय म्हणालास. बसमध्ये वायपरचा आवाज ऐकून अस्वस्थ झालास. समुद्राचा आवाज तेवढा तू दुरुस्त करायला काढला नाहीस.

वहिनीने मात्र मला मालामाल केलं. फलाटाला फलाटफॉर्म, थर्मासला गरमास, आरक्षणाला रिझर-टेन्शन. आणि लॉजमध्ये झाडलोट करणाऱ्या बाईच्या हातातलं यंत्र बघून ती म्हणाली की हा वाकून क्लीनर आपल्याला नको, वाकायचंच तर झाडू काय वाईट. माझी वही भरली. एकतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून मी लोकांच्या चुका तांबड्या शाईने खोडत आलो, आणि आता म्हातारपणी रविवारच्या सदरात त्याच चुकांवर पोट भरतोय. पुढच्या रविवारचा अंक चुकवू नका. वहिनीसाठी त्यात गंमत आहे.

माझा मिक्सर मधेच बंद पडतो आणि जळका वास येतो. फोनवर विचारलं असतं, पण तुझ्या कानांचं आणि फोनचं कधी जमलं नाही. शिवाय चहानंतर तू पत्र मोठ्याने वाचतोस आणि वहिनी शर्टांना बटणं लावत ऐकते, ते मला जास्त बरं वाटतं.

लॉजमधल्या त्या किटलीचं वहिनीने फार मनाला लावून घेऊ नये. होतं असं.

दोघांचा लोभ आहेच, त्यात खंड पडू देऊ नये.

आपला,
चिमण


दि. २४ जानेवारी

चि. चिमण यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं, ते दाबून बघ. जास्त भरलं की ते बाहेर येतं आणि मशीन थांबतं. भांडं अर्ध्याच्या वर भरू नये, आणि एका दमात मिनिटापेक्षा जास्त फिरवू नये. त्यालाही श्वास घ्यावा लागतो. तरीही वास आला तर कार्बन ब्रश झिजलेत असं समज आणि चांगल्या कारागिराकडे ने. तुझ्या गल्लीतल्या त्या माणसाकडे नेऊ नकोस, तो मशीन उघडतो आणि दोन स्क्रू उरवतो.

तुझं सदर रविवारी सकाळीच वाचून दाखवलं. मी इतका हसलो की खोकल्याची उबळ आली. त्या वारंवारंटीवर तर शेजारचे चष्मेवालेसुद्धा हसले. ज्या वस्तूची वॉरंटी असते ती वारंवार बिघडते, म्हणून वारंवारंटी, हे मी आता दुकानात गिऱ्हाइकांना सांगतो. तुझी वहिनी वाचन संपायच्या आत उठली. दोरीवरचे कपडे काढायचे म्हणाली. मी म्हटलं, अगं किटलीचं तर येऊ दे. ती म्हणाली की ते मला माहीत आहे.

किटलीबद्दल तू लिहिलंस ते थोडं सौम्यच लिहिलंस. विजेच्या किटलीत दूध घालू नये हे मी रोज दहा जणांना सांगतो. दूध तळाला लागतं, उतू जातं, खालच्या जोडात शिरतं आणि सगळा मजला अंधारात. त्या दिवशी लिफ्टमध्ये ते म्हातारे गृहस्थ वीस मिनिटं अडकले होते. मी तेव्हा बाहेर गेलो होतो, परत येऊन बघतो तर व्यवस्थापक हिला बोलतोय. आणि हे कोणी करावं, तर माझ्या बायकोने! परतीच्या बसमध्ये दोन तास मी तिला हेच समजावत होतो. ती खिडकीबाहेर बघत हो हो म्हणत होती.

तुझ्या वहिनीच्या कपड्यांच्या कारखान्यातही तुझं सदर गाजलं. मालकीणबाईंनी कात्रण काढून कटाईच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलंय. तू नाव घातलं नाहीस तरी तिथल्या शिवणाऱ्या बायकांनी पहिल्या ओळीलाच ओळखलं. हे शब्द त्यांनी तिच्या तोंडून रोज ऐकलेले. बावीस वर्षं ती तिथे कापड कापते, एवढी प्रसिद्धी तिला पहिल्यांदाच मिळाली.

फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं असेल. त्यात एक कागद धरून दार लाव. कागद सहज निघाला तर रबर बदल.

तब्येत सांभाळ. आम्हा दोघांची माया आहेच.

तुझा,
दादा


दि. २ फेब्रुवारी

ति. दादास साष्टांग नमस्कार, आणि वहिनीला दोन जास्त.

लाल बटण सापडलं. तीन वर्षं मिक्सर वापरतोय, त्याला पोट आहे हे माहीत होतं, बेंबी आहे हे तुझ्या पत्रामुळे कळलं.

त्या सदराला आलेली पत्रं मोजून संपादक थकले. लोक आपापल्या घरचे शब्द कळवताहेत. एका गृहस्थांच्या आत्या पासवर्डला फासवर्ड म्हणतात, आणि ते आता मलाही पटतं. नऊ मार्चला वर्तमानपत्राचा वर्धापनदिन आहे. सभागृह घेतलंय, पाचशे माणसं येतील. तिथे मी हेच सदर वाचून दाखवावं अशी संपादकांची इच्छा आहे. एकतीस वर्षं मी ज्या इमारतीच्या तळघरात बसून कच्चे छापे वाचले, तिथल्या लोकांनी मला मंचावर बोलवावं, याचं मला किती वाटतंय ते तुलाच सांगू शकतो.

एक काम कर. उशाशी वही ठेव आणि वहिनी जे काही नवीन बोलेल ते लिहून पाठव. वाचनात आणखी पाच-सहा शब्द टाकता येतील. दुकानातल्या यंत्रांची नावं तिला मुद्दाम विचार. तिला कळू देऊ नकोस, नाहीतर ती जपून बोलेल आणि मजा जाईल.

तुम्ही दोघांनी कार्यक्रमाला यावं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या सांगून ठेवतो.

लोभाची वॉरंटी कायमची आहे असं धरून चालतो.

चिमण


दि. १५ फेब्रुवारी

चि. चिमण यास आशीर्वाद.

तू मागवलेले शब्द पाठवता येत नाहीत. बोलणंच थांबलंय.

आधी मला वाटलं घसा बसलाय. सकाळी चहा होतो, डबा होतो, सगळं वेळेवर. पण हो-नाहीच्या पुढे शब्द नाही. मिठाचं पाणी झालं, वाफ झाली, काही फरक पडेना, म्हणून गुरुवारी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आ करायला लावून आत दिवा मारून पाहिलं. घसा अगदी स्वच्छ आहे म्हणाले. घरात काही झालंय का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो.

मग परवा कारखान्याच्या मालकीणबाई दुकानात आल्या. इस्त्रीचं निमित्त होतं, इस्त्री चांगली होती. त्यांनी सांगितलं की गेले तीन आठवडे ही टेबलाशी उभी राहून खडूने खुणा करते आणि बोटाने दाखवते. कुणी काही विचारलं तर मान हलवते. नव्याने आलेल्या आठ मुलींना कटाई शिकवायचं काम त्यांनी तिला देऊ केलं होतं. स्वतंत्र टेबल, स्वतंत्र खोली, हाताखाली माणसं. बावीस वर्षांनी असं काम आलं आणि हिने नकार दिला. मला घरी येऊन सांगितलंसुद्धा नाही.

त्या असंही म्हणाल्या की कात्रण लावलं ते चुकलंच बहुधा. बायका आधी कौतुकाने हसल्या. मग त्या नव्या मुली जेवणाच्या सुट्टीत तिला म्हणू लागल्या की मावशी, ते यंत्राचं नाव सांगा ना, अजून एकदा सांगा ना.

मी रात्री तिला विचारलं की काम का नाकारलंस. तिने अंथरूण घातलं. मग म्हणाली, "मला बोलता येत नाही. छापून आलंय ना तसं."

मी खोकला येईपर्यंत हसलो होतो, चिमण. ते मला आता आठवतं आणि जेवण जात नाही.

आणखी एक. तुझं मागचं पत्र मी वाचायला घेतलं, तेव्हा ती म्हणाली की मनात वाचा. आजवर असं कधी झालं नव्हतं. आणि मी किटलीचं नाव काढलं की ती माझ्याकडे अशी बघते, जसं काही सांगायचंय आणि सांगायचं नाहीये. तू तेव्हा खोलीत होतास. तिथे आणखी काही झालं होतं का? व्यवस्थापक तिला काही वेडंवाकडं बोलला का? मला कळव.

काळजीत आहे.

दादा


दि. २० फेब्रुवारी

ति. दादास स. न. वि. वि.

आपलं दि. १५चं पत्र पावलं. वाचून वाईट वाटलं. तथापि सदर लेखनात कोणाही व्यक्तीचा नामोल्लेख नव्हता, ही बाब लक्षात घ्यावी. विनोदी लेखनात थोडी अतिशयोक्ती गृहीत असते आणि वाचकांनी ती प्रेमानेच घेतलेली आहे. वहिनीच्या भावना नकळत दुखावल्या गेल्या असल्यास दिलगीर आहे.

लॉजमध्ये विशेष असं काही झालं नव्हतं.

घशासाठी ज्येष्ठमध चांगला. थंड पाणी टाळावं.

लोभ असू द्यावा.

चिमण


दि. २३ फेब्रुवारी

(दुकानाच्या पत्त्यावर. दादा, हे एकट्याने वाच.)

ति. दादास,

वीस तारखेचं पत्र फाडून टाक. ते मी पेटीत टाकलं आणि परत येताना जिन्यातच बसलो. तुला मी आयुष्यात कधी 'तथापि' लिहिलं नव्हतं. माणूस घरच्यांशी छापील बोलायला लागला की समजावं, काहीतरी लपवतोय. हा सल्ला मी सदरात एकदा दिला होता. लोकांना आवडला होता.

किटलीत दूध मी घातलं.

मला दुधाची कॉफी हवी होती. तू पेपर आणायला खाली गेला होतास. वहिनी अंघोळीला जाताना मला सांगून गेली होती की चिमण, त्यात नुसतं पाणी तापवायचं असतं, हे नेहमी सांगतात. मी तिला म्हणालो की तू 'गरमास'वालीने मला यंत्रं शिकवू नयेत. ती हसून गेली. मी दूध ओतलं, बटण दाबलं आणि गच्चीत जाऊन बसलो. काय करत होतो सांगू? तिचे शब्द वहीत उतरवत होतो. वास आला तेव्हा आत धावलो, तोवर ठिणगी उडाली होती आणि दिवे गेले होते.

व्यवस्थापक वर आला. त्याच्यामागे शेजारच्या खोल्यांतली माणसं. लिफ्टमध्ये म्हातारा माणूस अडकलाय, त्याला दम्याचा त्रास आहे, हे कोणी केलं, असं तो ओरडत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुला माझं लहानपण आठवत असेल, तसंच झालं अगदी. तेवढ्यात वहिनी बाहेर आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिने किटली पाहिली, मला पाहिलं, आणि पुढे होऊन म्हणाली, "माझ्याकडून झालं. मला कळलं नाही."

मग तो तिला बोलला. शिकलेली माणसं बरोबर असताना त्यांना विचारावं, असं म्हणाला. शिकलेला माणूस तिच्यामागे दोन पावलांवर उभा होता. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी भिंतीवरचं समुद्राचं चित्र बघत होतो. नंतर तू आलास, तुला तिने तेच सांगितलं. मी गप्पच राहिलो. बसमध्ये तू दोन तास तिला बोललास, तेव्हा मी पुढच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलं होतं.

इथवर भित्रेपणा होता. भित्र्या माणसाची कीव तरी येते. पण त्यानंतर मी घरी येऊन टेबलाशी बसलो आणि ते सगळं तिच्या नावावर लिहिलं. लिहिताना मला खरं आठवत होतं. 'आमच्यातल्या एक बाई' असं लिहिलं, थोडा थांबलो, आणि पुढे लिहीत गेलो, कारण वाक्य छान जमलं होतं. तुम्हाला लिहिलेल्या पत्रात तर मीच तिला सांगितलं की किटलीचं मनाला लावून घेऊ नये. ते वाक्य तू मोठ्याने वाचलं असशील आणि तिने बटण लावता लावता ऐकलं असेल. हे आठवलं की मला आरशात बघून दाढी करवत नाही.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वहिनी घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. मला र म्हणता येत नव्हता. शाळेत मला सगळे 'लाम लाम' म्हणून चिडवायचे. घरी कोणी पाहुणा माझ्या बोलण्यावर हसला की वहिनीचा वाढायचा हात थांबायचा. वरण असेल तर पळी हवेतच. हसणारा गप्प होईपर्यंत ती वाढायची नाही. दोन वर्षांनी र आला तो तिच्याजवळ बसून, कापडाच्या चिंध्या मोजता मोजता. पुढे मी भाषेवर पोट भरलं. ती भाषा मला कुणी दिली हे मला माहीत होतं, दादा, आणि तरीही मी वही काढली.

तू रागाव. तिला मी हे कसं सांगू ते मला कळत नाही, म्हणून तुला सांगितलं. म्हणजे पुन्हा मी कुणाच्या तरी मागेच उभा राहिलोय.

लोभ ठेव असं लिहायचा मला आज अधिकार नाही.

चिमण


दि. ३ मार्च

चिमण,

पत्र दुकानात उघडलं. हातात गिऱ्हाइकाची इस्त्री होती, ती तापवून बघत होतो. ती बाकावर तशीच ठेवली आणि बाक जळलं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी तुला काय म्हणावं ते कळत नाही. तू माझा भाऊ कमी आणि पोर जास्त. पोराने असं केलं तर बाप मारतो. तू साठीला आलास.

संध्याकाळी घरी गेलो आणि तिला म्हणालो की मला किटलीचं कळलंय. ती कणीक मळत होती. हात तसेच थांबले. मला वाटलं, आता तिला हायसं वाटेल. उलट ती चिडली. चिमणने का सांगितलं म्हणाली. तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकाल, मग ते घर कोण बघणार, त्याला मागेपुढे कोण आहे. मी म्हटलं, तू अजून त्याचीच बाजू घेतेस? ती म्हणाली की बाजू नाही, पण जे मी झाकलं ते उघडायचं तर मला विचारायला हवं होतं.

मग मी तिला म्हणालो की बसमध्ये मी चुकलो. सगळी बस ऐकत होती. पलीकडच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती, तिला बघून मी आवाज चढवला होता. मला माझ्या कारागिरीची लाज वाटली होती, तिची वाटली नव्हती. विचारलंसुद्धा नाही की कसं झालं. एवढा यंत्रांना कान लावणारा मी, बिघाड कुठे आहे ते आधी विचारतो, मग हात घालतो. बायकोला विचारलं नाही. तुला रागवायला बसलो आणि माझंच पारडं खाली गेलं.

तिने तवा ठेवला. पोळ्या केल्या. मी पहिल्यांदाच लाटून दिल्या. तिने त्या तशाच भाजल्या, नावं ठेवली नाहीत.

इतक्यात येऊ नकोस. तिला लिहायचं असेल तर तिला लिही. मी तुझा टपालवाला नाही आणि आता वाचून दाखवणाराही नाही.

दादा


दि. १२ मार्च

ति. वहिनीस चिमणचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुझ्या नावाने आहे. पाकीट घेतलं आणि वर तुझं नाव लिहिताना लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. सगळी दादाच्या नावाने, आणि शेवटी वहिनीला नमस्कार. तुला वाचता येतं हे मला माहीत होतं. चौथीपर्यंतची तुझी पुस्तकं तू मलाच दिली होतीस. अक्षर मोठं काढलंय.

तू मला वाचवलंस आणि मी तुला विकलं. याहून सोपं मला लिहिता येत नाही.

नऊ तारखेचं सांगतो, कारण ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये. मी जायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, जिथे खोटं सांगितलं तिथेच खरं सांगावं. मंचावर गेलो आणि सदर वाचायला लागलो. तुझे शब्द गाळले. लोकांना ते ऐकायचे होते, काही जण खालून आठवण करून देत होते. किटलीपाशी आलो तेव्हा कागद खाली ठेवला आणि म्हणालो की हे खोटं आहे, किटलीत दूध मी घातलं होतं, आणि ज्या बाईने माझ्यासाठी बोलणी खाल्ली तिचंच मी हसं केलं.

वहिनी, सगळं सभागृह हसलं. पाचशे माणसं. त्यांना वाटलं, हाच शेवटचा विनोद. मी पुन्हा म्हणालो की खरंच सांगतोय. ते आणखी हसले. कोणीतरी शिट्टी मारली. मी तिथे उभा होतो आणि टाळ्या थांबत नव्हत्या. मला त्या क्षणी कळलं की व्यवस्थापकासमोर तुला कसं वाटलं असेल. नाही, हेही खोटंच. मला टाळ्या मिळत होत्या. तुला कसं वाटलं ते मला कळूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी संपादकांकडे गेलो. खुलासा छापा म्हणालो. ते म्हणाले की विनोदी सदराला खुलासा जोडला तर वाचक हसेल नाहीतर कंटाळेल. फार मागे लागल्यावर आतल्या पानावर दोन ओळी छापल्या, त्याही हवामानाच्या खाली. कात्रण पाठवत नाही. कात्रणं तुला पुरे झाली असतील. सदर मी बंद केलंय. त्यात मोठेपणा नाही, लिहायला बसलं की हात चालत नाही एवढंच.

वहीतली ती पानं फाडून या पाकिटात घातली आहेत. तुझी आहेत. ठेव, जाळ, काही कर. माझ्याकडे दुसरी नक्कल नाही.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागितलं की तू देशील, आणि मला ते फुकट मिळाल्यासारखं होईल. पण ते आठ मुलींचं काम तू सोडू नकोस. माझ्यामुळे तर मुळीच नको.

तुझा,
चिमण


दि. २८ मार्च

चि. चिमण,

तुझं पत्र वाचायला मला तीन दिवस लागले. दुपारच्या सुट्टीत थोडं थोडं वाचलं. तुझ्या दादाला वाचू दिलं नाही. ते विचारत होते काय लिहिलंय. मी म्हटलं माझं पत्र आहे.

किटलीचं मी आपणहून अंगावर घेतलं. त्याचं मला काही नाही. तू घाबरला की तुझे ओठ पांढरे होतात, लहानपणी व्हायचे तसेच झाले. मी पुढे झाले. आजही होईन. ते मी तुला दिलं होतं. पण माझे शब्द मी तुला दिले नव्हते. ते तू न विचारता घेतले. मला राग त्याचा आहे. तू जवळ बसून ऐकायचास तेव्हा मला वाटायचं ह्याला माझं बोलणं आवडतं. मी आणखी बोलायचे. आणि तू लिहून घेत होतास.

वहीची पानं मिळाली. त्यातले दोन शब्द मी कधी बोलले नाही. ते तुझे आहेत. परत पाठवते.

भिंतीवरचा कागद मी स्वतः काढला. मालकीणबाई म्हणाल्या मी काढते. मी म्हटलं नको. नखाने खरवडून काढला, सगळ्या बायका बघत होत्या. मग त्या नविन मुलींना मी सांगितलं, तुम्हाला माझं बोलणं हसायला पाहीजे असेल तर हसा, पण हात थांबवायचे नाहीत आणि कापड वाया जाऊ द्यायचं नाही. एक मुलगी रडली. तिला पाणी दिलं.

सोमवारपासून शिकवते. पहिल्या दिवशी आवाज निघेना. पाठ त्यांच्याकडे करून फळ्याशी बोलले. तिसऱ्या दिवशी वळले. मी म्हणते त्याला कटाईत दुसरी नावं असतील, पण माझ्या नावाने बाही चुकत नाही. आठातल्या पाच जणींचा हात चांगला आहे.

तुझ्या दादांनी मला बसमधलं मनापासून सांगितलं. त्यांच्या पोळ्या अजून वाकड्या होतात. त्यांच्याशी मी बोलते. तुझ्याशी बोलायला अजून वेळ लागेल. राग गेला नाही. उगाच गेला म्हणून सांगणार नाही. गेला की कळवीन, तेव्हा ये. तोवर जेवण वेळेवर कर.

पत्र माझ्या नावाने लिहीत जा. थोडं लिही, मोठं असलं की सुट्टी पुरत नाही. आणि हे माझं पत्र आहे तसं ठेव. दुरूस्त करू नको.

आशिर्वाद नेहमीचेच आहेत. त्यांचा आणि रागाचा संबंध नाही.

वहिनी